मोटारीचें तोंड आणि नंबराची पाटी

घराचें दार सुबक असावें आणि त्यावर मालकाच्या नांवाची पाटी मात्र तिरपी ठोकलेली असावी, म्हणजे पाहणाराच्या मनाची जी स्थिति होते, तीच देखण्या मोटारीवर वांकडी बसविलेली नंबराची पाटी पाहून होते. बदनापूर हें जालना आणि छत्रपति संभाजीनगर यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरील तालुक्याचें गांव. त्या रस्त्यानें जाणाऱ्या गाड्यांच्या तोंडांकडे थोडा वेळ लक्ष दिलें, तर असे नमुने पुष्कळ आढळतात : कोठें पाटी एका अंगास कललेली, कोठें तिनें हवेची जाळी झांकलेली, तर कोठें दोन भोकांच्या जागीं पांच भोकें पाडलेलीं. मग मालक म्हणतो, "या सरकारी पाटीनें गाडीची शोभा घालविली!"

ही तक्रार कितपत खरी, याचा विचार करणें अवश्य आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांबरोबर उच्च सुरक्षेची नंबरपाटी येऊं लागली, आणि त्यापूर्वीच्या गाड्यांनाही ती बसविणें महाराष्ट्रांत सक्तीचें झालें. ही पाटी न उघडणाऱ्या कुलपी खिळ्यांनीं, म्हणजे ज्यांस स्नॅप-लॉक म्हणतात त्यांनीं, बसवितात. खिळा तोडल्यावांचून पाटी निघत नाहीं, व तोडलेला खिळा पुन्हां उपयोगी पडत नाहीं. तेव्हां जो विचार करावयाचा, तो आधींच केला पाहिजे.

पुढची पाटी हवीच कशाला, असेंही कोणी विचारतात. मोटारीस नंबर देण्याची चाल जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. पॅरिस शहराच्या पोलिसांनीं १४ ऑगस्ट १८९३ च्या हुकुमानें ती सुरू केली. इंग्लंडांत १९०३ चा कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलांत आला. अमेरिकेंतील फ्लॉरिडा, पेन्सिल्व्हेनिया इत्यादि कांहीं राज्यें केवळ मागच्या पाटीवर भागवितात. परंतु भारतांत १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम पुढें आणि मागें अशा दोन्ही पाट्या मागतात. त्याचें मर्म रस्त्यावर पायीं चालणारास चटकन् उमजेल. येणारी गाडी प्रथम तोंडानेंच दिसते. बदनापूर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगानें गाडी एका सेकंदांत ३३ मीटर जाते. धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर हातीं लागला, तर पीडित कुटुंबास न्यायाधिकरणापुढें आपल्या नुकसानीच्या मानानें भरपाई मागतां येते. तो लागलाच नाहीं, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणें मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये, एवढ्या ठरीव रकमेवर समाधान मानावें लागतें. मालकास जी अडगळ वाटते, ती पाटी दुसऱ्या एखाद्या घराचा आधार होऊं शकते.

आतां या पाटीचें स्वरूप पाहूं. ती ॲल्युमिनियमची असते. मोटारीच्या पाटीचें नेहमींचें माप ५०० मिलिमीटर लांब व १२० मिलिमीटर उंच, म्हणजे सुमारें वीस इंच आणि पावणेपांच इंच. ३४० बाय २०० मिलिमीटर असें दुसरें आंखूड मापही आहे. अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर. डाव्या कडेस वर चक्राचें चमकदार चिन्ह व खालीं लेसर किरणांनीं कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. खाजगी गाडीस पांढऱ्यावर काळीं अक्षरें, भाड्याच्या गाडीस पिवळ्यावर काळीं, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीस हिरवी पाटी. जालना जिल्ह्याची खूण एम्. एच्. २१. वळणदार नक्षीचीं अक्षरें, चित्रें वा इतर नांवें यांस मनाई आहे. सारांश, पाटीच्या रूपांत मालकास कांहींच करण्यास वाव नाहीं. वाव आहे तो केवळ तिच्या बैठकींत.

आणि शोभेचें सारें रहस्य या बैठकींतच आहे. कपाळावरचें कुंकू मध्यावर असलें म्हणजे चेहरा खुलतो. तेंच कुंकू भुंवईकडे सरकलें म्हणजे नजर तेथेंच अडते. जुन्या पद्मिनी आणि अँबॅसडर गाड्यांना पोलादाचा चकचकीत बंपर असे व पाटीस त्याचा सरळ आधार मिळे. हल्लींचा बंपर प्लॅस्टिकचा, गोलाईचा व गाडीच्या रंगाचा असतो. इटलीच्या आल्फा रोमिओ गाडीच्या तोंडावर मध्यभागीं ढालीच्या आकाराची जाळी असल्यामुळें तिच्या कित्येक नमुन्यांत पाटी एका बाजूस बसविलेली आढळते. १९६१ सालीं आलेल्या इंग्लंडच्या जग्वार ई-टाइप गाडीचें नाक इतकें निमुळतें होतें कीं, तेथें नंबर बॉनेटवरच चिकटवीत. येथील बाजारासाठीं बनणाऱ्या गाड्यांत अशी अडचण सहसा नसते. पाटीची सपाट बैठक बंपरावर आधींच आखलेली असते. ती सोडून पाटी भलतीकडे नेली, म्हणजे विद्रूपता येते.

पाटी अधिकृत केंद्रावरील कारागीर बसवितो. परंतु त्याच्यापुढें गाड्यांची रांग असते. म्हणून मालकानें घरींच थोडी तयारी करावी. पुठ्ठ्याचा ५०० बाय १२० मिलिमीटरचा तुकडा कापून तो कागदी चिकटपट्टीनें बंपरावर लावावा. मध्य ठरवितांना गाडीच्या चिन्हाचा मध्य धरावा आणि दोन्ही दिव्यांपासूनचें अंतर मोजून ताळा पाहावा. जमीन उंचसखल असूं शकते. म्हणून पातळी जमिनीवरून न घेतां बॉनेटच्या कडेपासून पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांपर्यंतचें अंतर सारखें करावें. मग दहा पावलें मागें सरून पाहावें. डोळ्यांस जें खटकतें, तें पुठ्ठ्यावर सुधारतां येतें. भोक पाडल्यावर येत नाहीं.

जुनीं भोकें योग्य ठिकाणीं असतील तर तींच वापरावीं. नवीं पाडावयाचींच असतील, तर मागें दिव्यांच्या तारा, रेडिएटर किंवा सेन्सर नाहीं याची आधीं खात्री करावी. खुणेवर चिकटपट्टी लावल्यास गिरमिट घसरत नाहीं व रंगावर ओरखडा उठत नाहीं. प्रथम बारीक भोक पाडून तें बेतानें मोठें करावें. बंपर गोलाईचा असेल, तर पाटीखालीं त्या गोलाईची प्लॅस्टिकची बैठक घ्यावी. पाटी मुडपून अक्षरांवर घडी पाडूं नये. पाटी आणि बंपर यांमध्यें रबराचे पातळ वॉशर घातले, म्हणजे खडखड होत नाहीं व रंगही घासत नाहीं. खालच्या जाळींतून रेडिएटरला वारा मिळतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत ती जाळी झांकणें म्हणजे इंजिनाचा श्वास कोंडणें होय.

कांहीं गोष्टी मुळींच करूं नयेत. चक्राचें चिन्ह किंवा कोरलेला क्रमांक झांकणारी जाड चौकट लावूं नये. पाटीवर पारदर्शक पत्रा बसवूं नये. त्यानें उजेड चमकतो व अक्षरें बुजतात. पाटी नुसत्या चिकटपट्टीच्या भरंवशावर ठेवूं नये. गाडीपुढें लोखंडी गज लावून त्यांवर पाटी टांगण्याची हौसही सोडावी. अशा गजांविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना कळविलेलें आहे.

पाटी बसल्यावर शेवटची परीक्षा सोपी आहे. दिवसा वीस पावलांवरून आणि रात्रीं विजेरीच्या प्रकाशांत घरांतील दुसऱ्या कोणाकडून नंबर वाचवून घ्यावा. तो न अडखळतां वाचला गेला आणि वाचणाराच्या नजरेस पाटीचा वांकडेपणा जाणवला नाहीं, म्हणजे काम उत्तम झालें असें समजावें.