ओळखीच्या गावातला गुप्तहेर

बऱ्याच वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला खासगी गुप्तहेर काही निमित्ताने परत येतो, अपघात म्हणून नोंदल्या गेलेल्या एका मृत्यूकडे त्याचे लक्ष जाते, आणि ज्या माणसांच्या अंगणात तो लहानाचा मोठा झाला त्यांच्याकडेच त्याला संशयाने पाहावे लागते. रहस्यकथेची ही मांडणी जगभर वापरून गुळगुळीत झाली असली, तरी मराठीत ती फारशी रुजली नाही, आणि ज्या भागात ती सहज रुजावी असा पालघर, बोईसर आणि तारापूरचा पट्टा तर तिच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही. लहान गावातल्या तपासकथेचे बळ शस्त्रांत किंवा यंत्रांत नसून माणसांच्या ओळखीत असते. या पट्ट्यात ओळखीचे असे जाळे आहे आणि त्याच्या मधोमध अनोळखी माणसांची मोठी वस्तीही आहे, म्हणून येथे परतलेल्या गुप्तहेराला काय साधेल, काय साधणार नाही, आणि कायदा त्याला कोठे थांबवील हे तपासून पाहण्यासारखे आहे.

एडगर ॲलन पो याने 1841 मध्ये पॅरिसमधल्या खुनांची कथा लिहून तर्काने गुन्हा उकलणारा नायक आणला आणि पुढे कॉनन डॉयलने त्याला लंडनमध्ये स्थिर केले, त्यामुळे गुप्तहेर म्हणजे महानगराचा माणूस असा समज रूढ झाला. शेरलॉक होम्स मात्र एका कथेत वॉटसनला सांगतो की शहराच्या गल्लीपेक्षा एकाकी खेड्यांतल्या घरांची भीती अधिक वाटावी, कारण तेथे गुन्ह्याचा आवाज शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकन लेखक डॅशिएल हॅमेट हा स्वतः पिंकर्टन या खासगी तपास संस्थेत काम केलेला माणूस होता. त्याने 1929 च्या ‘रेड हार्वेस्ट’ या कादंबरीत खाणींवर जगणारे आणि मालक, पोलीस व गुंड यांच्या संगनमताने कुजलेले एक लहान गाव उभे केले. या कादंबरीतला गुन्हेगार एक माणूस नसून गावाची घडणच आहे, आणि बोईसरबद्दल विचार करताना होम्सपेक्षा हॅमेट अधिक उपयोगी पडतो तो याच कारणाने.

मराठी रहस्यकथेचा पालघर जिल्ह्याशी संबंध नावापुरता का होईना, पण आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी ‘बाबूराव अर्नाळकर’ या नावाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या नावातले अर्नाळा वसई तालुक्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात येते. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू हे नायक गिरणगावापासून तालुक्याच्या वाचनालयापर्यंत वाचले गेले, पण त्यांचा वावर मुख्यतः मुंबईच्या रस्त्यांवर आणि बंगल्यांत राहिला. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी वेग, भाषा आणि नायकांचे स्वभाव बदलले, तरी तालुक्याच्या गावाला मध्यवर्ती स्थान क्वचितच मिळाले. वाचक गावातला आणि नायक शहरातला, ही विभागणी प्रकाशन व्यवसायाला सोयीची असावी, कारण एस.टी. स्थानकावर पुस्तक विकत घेणाऱ्याला आपल्याच गावच्या तलाठ्याची कथा नको होती.

प्रत्यक्ष जीवनात मात्र पालघरने एक नामांकित गुप्तहेर दिला आहे. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला खासगी गुप्तहेरांपैकी एक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रजनी पंडित यांचा जन्म 1962 मध्ये पालघरचा; त्यांचे वडील गुन्हे अन्वेषण विभागात होते, स्वतः त्यांनी मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयात मराठी साहित्याचा अभ्यास केला आणि 1991 मध्ये स्वतःची तपास संस्था काढली. एका खुनाच्या संशयावरून त्यांनी संशयित स्त्रीच्या घरी मोलकरीण म्हणून सुमारे सहा महिने काम केले, ही हकीकत वृत्तपत्रांतून वारंवार आली आहे. असे वेषांतर मुंबईत चालते, कारण तेथे मोलकरणीचे आडनाव आणि गाव कोणी खोलात जाऊन विचारत नाही. पालघरकडच्या केळवे, माहीम किंवा चिंचणीत घरात नवी बाई आली, तर ती कोणाची कोण लागते हे आठवडाभरात शेजाऱ्यांना कळलेले असते. गावी परतलेल्या गुप्तहेराकडे वेषांतराचे हत्यार नसते. त्याऐवजी त्याला उघड्या चेहऱ्यानेच ओटीवर बसून चहा घ्यावा लागतो आणि प्रश्न विचारण्याआधी घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी लागते.

या पट्ट्याची रचना अशा कथेला पोषक आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा झाला आणि तालुक्याच्या गावाला अचानक जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि त्यांच्यासोबत येणारा सगळा पसारा मिळाला. 2013 पासून उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यावर सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव या स्थानकांवरून मुंबईला नोकरीला जाऊन रात्री परतणारा वर्ग वाढला. बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला औद्योगिक वसाहत आहे आणि त्यापलीकडे किनाऱ्याकडे तारापूर, चिंचणी ही जुनी गावे येतात. ‘तारापूर एमआयडीसी’ तारापूर गावात नसून बोईसरला चिकटलेली आहे, ही गोष्ट बाहेरच्या लेखकाच्या हमखास नजरेतून सुटते आणि पहिल्याच प्रकरणात त्याचे बाहेरचेपण उघडे पडते. किनाऱ्यावरच्या अणुशक्ती केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये वीज देऊ लागल्या. 540 मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांचे विस्थापन झाले. अशा गावातून मुंबईला गेलेल्या माणसाला परतायचे झाले, तर जुने घर शोधून सापडणार नाही, आणि ‘परतणे’ या कल्पनेलाच येथे एक वेगळी धार येते.

हेतू शोधण्यासाठीही लेखकाला लांब जावे लागणार नाही, कारण या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जमिनीवर जितके दावे पडले तितके क्वचितच कोठे पडले असतील: मालवाहतुकीची स्वतंत्र रेल्वे, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बोईसरला स्थानक असणारी बुलेट ट्रेन आणि ऑगस्ट 2024 मध्ये पायाभरणी झालेले वाढवण बंदर. भूसंपादनाचा मोबदला ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला मिळतो, आणि सातबारा म्हणजे जमिनीचा मालक, कब्जेदार आणि पिके यांची महसुली नोंद असलेला उतारा. मयताच्या वारसांची नोंद कधी झाली, फेरफार कोणत्या अर्जावरून मंजूर झाला, बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतले का, कुलमुखत्यारपत्र कोणाला दिले होते, यांची उत्तरे तलाठी कार्यालयात आणि दुय्यम निबंधकांच्या दप्तरात असतात. त्यात आदिवासी जमिनींचा प्रश्न मिसळतो: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही, आणि बेकायदा गेलेली जमीन परत मिळवून देण्यासाठी 1974 चे कायदेही आहेत. म्हणून कागदावर एक मालक आणि प्रत्यक्ष पैसा दुसऱ्याचा, असा व्यवहार कथेत आला तर तो कल्पनेचा खेळ वाटणार नाही. येथल्या गुप्तहेराचे खरे काम पाठलागाचे नसून जुन्या फेरफारांच्या नकला मिळवण्याचे आहे, आणि 2005 चा माहिती अधिकार कायदा हे त्याचे सर्वांत निरुपद्रवी दिसणारे शस्त्र आहे.

औद्योगिक वसाहतीतला मृत्यू हा याहून अवघड विषय आहे. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची नोंद पोलीस प्रथम ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून करतात आणि पंचनामा, शवविच्छेदन व जबाब यांतून पुढे गुन्ह्याचे स्वरूप दिसले तर स्वतंत्र गुन्हा दाखल होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्ये ही चौकशी सांगितली आहे. रासायनिक कारखान्यांत स्फोट आणि वायुगळती होते, जानेवारी 2020 मध्ये बोईसरजवळ झालेल्या स्फोटात कामगार दगावले होते, आणि असे अपघात खरोखर घडत असल्यामुळेच एखादा न घडलेला अपघात त्यांच्या रांगेत लपवणे लेखकाला शक्य होते. मृत कामगार ठेकेदाराकडचा असेल तर तो उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेला असण्याची शक्यता मोठी. त्याचा मृतदेह गावी पाठवला जातो आणि त्याच्या खोलीत राहणारे सोबतीही, म्हणजे साक्षीदारच, काही दिवसांत दुसऱ्या साइटवर निघून जातात. हजेरीपट, फाटकावरची नोंदवही आणि ठेकेदाराचे विमा-योगदान यांची जुळणी केली तर मयत त्या पाळीत कामावर होता की नाही हे कळू शकते, पण हे कागद खासगी माणसाला दाखवण्याचे बंधन कारखान्यावर नाही. गुप्तहेराच्या शाळूसोबत्यांपैकी कोणी तेथे लेखापाल असेल तरच ते त्याच्या दृष्टीस पडतील, आणि कायदा ओलांडण्याचा मोह कथेत पहिल्यांदा होतो तो नेमका येथे.

कारखान्यांच्या सांडपाण्याने खाड्या आणि किनारा दूषित झाल्याची तक्रार मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली; अखिल भारतीय मांगेला समाज परिषद त्यात अर्जदार होती. असे प्रकरण कथेच्या पार्श्वभूमीला असेल तर टँकरचालक, रात्री नाल्यात सोडलेले पाणी आणि सकाळी मेलेले मासे या साऱ्यांना साक्षीचे मोल येते. मात्र प्रत्येक कारखानदाराला खलनायक करण्याची हौस मराठी चित्रपटाने पुरेशी पुरवली असून, कादंबरीकाराने ती पुन्हा पुरवण्याचे कारण नाही.

भाषेच्या बाबतीत या पट्ट्याइतकी श्रीमंती क्वचित आढळते. सातपाटी, मुरबे, दांडी येथील मांगेली, केळवे-माहीमच्या वाड्यांतली वाडवळी, पूर्वेच्या पाड्यांवरची वारली, डहाणूकडे वाढत जाणारी गुजराती आणि बोईसरच्या चाळींतली भोजपुरी वळणाची हिंदी ऐकून माणूस कोठला हे स्थानिक कान ओळखतो. परतलेल्या गुप्तहेराला हा कान उपजत मिळालेला असतो. मात्र त्याची स्वतःची बोली मुंबईत राहून सपाट झालेली असली तर समोरचा माणूस आपोआप प्रमाण मराठीत बोलू लागतो, आणि प्रमाण मराठीत माणसे कमी सांगतात. अनोळखी माणसाबद्दलचा संशय येथे जीवघेणाही ठरला आहे: एप्रिल 2020 मध्ये डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा बळी घेतला. रात्री आडरस्त्याला गाडी थांबवून प्रश्न विचारणारा नायक पडद्यावर धाडसी दिसतो, पण या भागात तो मूर्ख ठरेल.

कायद्यातले त्याचे स्थान आणखी नाजूक आहे. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडले गेले, मात्र त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे हा व्यवसाय बेकायदा नसला, तरी गुप्तहेराला सामान्य नागरिकाहून अधिक अधिकार नाहीत: झडती घेणे, समन्स काढणे किंवा मोबाइलच्या नोंदी मागवणे त्याला शक्य नाही, आणि 2018 मध्ये अशा नोंदींच्या बेकायदा खरेदी-विक्रीच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांनाही अटक केली होती. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणीही नागरिक आरोपीला पकडू शकतो, पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. मृतदेह रुळांवर सापडला तर तपास लोहमार्ग पोलिसांचा, किनाऱ्यावर सापडला तर सातपाटी किंवा केळवे यांसारख्या सागरी ठाण्याचा आणि वसईच्या हद्दीत सापडला तर 2020 पासून वेगळ्या आयुक्तालयाचा. गुन्हा कोठेही घडला असला तरी पहिली खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हे याच संहितेच्या कलम 173 मुळे आता स्पष्ट झाले आहे.

एका मुद्द्यावर मात्र कायदा अनपेक्षितपणे गुप्तहेराच्या बाजूने झुकतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचे कलम 25 हेच सांगत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 23 ही तेच सांगते. खासगी व्यक्तीपुढे आपखुशीने दिलेली कबुली मात्र ‘न्यायालयाबाहेरची कबुली’ म्हणून ग्राह्य धरता येते, म्हणजे शेवटच्या प्रकरणात आरोपीने गुप्तहेरापुढे सगळे सांगून टाकणे हा रहस्यकथेतला चावून चोथा झालेला प्रसंग भारतीय न्यायालयात पोलिसांच्या कोठडीतल्या कबुलीपेक्षा अधिक टिकू शकतो. न्यायालये मात्र या पुराव्याला दुबळा मानतात, त्याला इतर पुराव्याचा आधार मागतात आणि आरोपीने याच माणसावर विश्वास का ठेवावा हे विचारतात. गावातल्या गुप्तहेराकडे त्याचे उत्तर असते, कारण तो आरोपीच्या भावाचा वर्गमित्र असतो, त्याच्या आईच्या हातचे जेवलेला असतो. उलटतपासात बचावपक्षाचा वकील हेच धागे उलटे ओढतो: साक्षीदाराच्या वडिलांचा आणि आरोपीच्या वडिलांचा बांधावरून दावा होता का, संपादित जमिनीच्या मोबदल्यात साक्षीदाराच्या घराचा हिस्सा होता का, आणि या तपासाचे पैसे त्याला कोणी दिले, या प्रश्नांची उत्तरे त्याला शपथेवर द्यावी लागतात.