‘उबर’ आपलाच की!

इंग्रजी बोलणाऱ्या तरुणाला नुसतं ‘कूल’ म्हणून समाधान होत नाही, तेव्हा तो ‘उबर-कूल’ म्हणतो. गडगंज माणूस ‘उबर-रिच’. सॅन फ्रान्सिस्कोत 2009 साली निघालेल्या टॅक्सी कंपनीनंही हाच शब्द उचलला. शब्द जर्मन, अर्थ ‘वर’ किंवा ‘पलीकडे’. जर्मनमध्ये त्याच्या पहिल्या अक्षरावर दोन टिंबं असतात. इंग्रजीत शिरताना ती बहुधा गळतात.

आता गंमत बघा. ‘वर’ सांगायला इंग्रजीकडे घरचा ‘ओव्हर’ होता, लॅटिनमधून आलेला ‘सुपर’ होता, ग्रीकांचा ‘हायपर’ होता. तरी चौथा हवाच! आणि हे चौघे कोण? सख्खी भावंडं. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच शब्दाची लेकरं. पाचवं भावंड संस्कृतातलं ‘उपरि’, आणि त्याचाच वंशज आपला मराठी ‘वर’!

पण ‘उपरि’तल्या ‘प’चा जर्मनमध्ये ‘ब’ कसा झाला? नियमानं तिथे ‘फ’ यायला हवा होता. ‘पितर’चा ‘फादर’ होताना आला, तसा. हे कोडं 1870 च्या दशकात कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकानं सोडवलं. कशाच्या आधारे? वैदिक संस्कृतातल्या स्वराघातांच्या! आघात लगेच आधीच्या अक्षरावर नसेल, तर ‘फ’ मऊ पडतो, हा त्याचा नियम. ‘उपरि’त आघात ‘उ’वर नाही, ‘प’वर आहे. म्हणून जर्मनमध्ये ‘ब’ आला, इंग्रजी ‘ओव्हर’मध्ये ‘व्ह’. वेदपाठकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या चढउतारांत बर्लिनच्या एका व्यंजनाचं उत्तर दडलेलं होतं. आहे की नाही कमाल?

इंग्रजीत ‘उबर’चा बोलबाला व्हायला जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा मोठा हातभार लागला. 1883 पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या झरथुष्ट्रावरच्या ग्रंथात ‘उबरमेन्श’, म्हणजे माणसापलीकडचा माणूस, भेटतो. बर्नार्ड शॉनं 1903 च्या नाटकात त्याला ‘सुपरमॅन’ केलं, आणि 1938 मध्ये त्याच नावाचा एक वीर कॉमिकमध्ये अवतरला.

मग भावंडांनी कामं वाटून घेतली. ‘ओव्हर’ आणि ‘हायपर’ अतिरेकाकडे झुकले, ‘सुपर’ कौतुकाकडे. ‘उबर’च्या वाट्याला कौतुकच आलं, पण माझ्या कानाला त्यात थोडा खट्याळपणाही ऐकू येतो.

आणि खुद्द जर्मन माणसाला काही फार आवडलं, तर तो रोजच्या बोलण्यात काय म्हणतो? ‘झूपर!’ म्हणजे लॅटिनचाच ‘सुपर’.