कंट्रोल-एस : सवय चांगली, भरवसा भलताच

डीटीपी करणाऱ्या एखाद्या जुन्या हाताला काम करताना पाहा. वाक्य संपलं की डाव्या हाताची बोटं कंट्रोल आणि एस या सेव्हच्या कळांवर जातात. फोनवर बोलताना जातात, नुसतं वाचत असताना, काहीही बदललेलं नसतानाही जातात. एकदा दाबून समाधान होत नाही, लागोपाठ तीनदा दाबलं जातं. तरुण सहकाऱ्यांना याचं हसू येतं, जुन्यांना याचा अभिमान असतो. या सवयीबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच गैरसमज आहेत आणि त्यातला एक महागात पडणारा आहे.

हसणाऱ्यांपासून सुरुवात करू. "हा ओसीडीचा प्रकार आहे," असं सर्रास म्हटलं जातं. ओसीडी हा गंभीर आजार आहे. नको असलेले विचार आणि त्यापायी कराव्या लागणाऱ्या कृती रोजचा तासाहून अधिक वेळ खातात किंवा माणसाचं जगणं अवघड करतात, तेव्हा डॉक्टर त्या निदानाचा विचार करतात. अर्ध्या सेकंदात दोन कळा दाबणं त्यात बसत नाही. ती हाताला लागलेली सवय आहे आणि ती लागायला सबळ कारण होतं. आपण टाइप करतो तो मजकूर आधी रॅममध्ये असतो. रॅममधली माहिती म्हणजे विजेचा इवलासा भार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारं कोणी नाही आणि मजकूरही नाही. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या गावोगावी भारनियमन कसं होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना अधिक सांगायला नको. ऐन दिवाळी अंकाच्या घाईत, पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर पानं लावताना यूपीएसची बॅटरी मान टाकायची. त्या दिवसांत दर वाक्याला सेव्ह करणारा माणूस शहाणा होता.

गंमत म्हणजे पेजमेकर स्वतःही थोडी काळजी घेत असे. पान बदललं की तो गुपचूप एक छोटं सेव्ह करून ठेवायचा. शिफ्ट दाबून 'रिव्हर्ट' निवडलं की त्या टप्प्यावर परत जाता यायचं. फार थोड्यांना हे माहीत होतं.

"आता सगळं आपोआप सेव्ह होतं, कशाला दाबत बसायचं?" हा दुसरा समज अर्धा खरा आहे. गूगल डॉक्समध्ये सेव्हचं बटणच नाही. नेट चालू असेल तर टाइप करता करता मजकूर जपला जातो. अॅपलने २०११ च्या लायन आवृत्तीपासून मॅकवरही ही सोय दिली. पण ऑफिसात बहुतेकांसमोर वर्ड आणि एक्सेल असतात. तिथे 'ऑटोरिकव्हर' आणि 'ऑटोसेव्ह' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोळ तिथेच होतो. ऑटोरिकव्हर आपण सेटिंग बदललं नसेल तर दर १० मिनिटांनी एक तात्पुरती प्रत बाजूला ठेवतो. प्रोग्राम कोसळला तर ती कामी येते, पण मूळ फाइलला तो हात लावत नाही. खरं ऑटोसेव्ह चालतं ते फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तेव्हाच. डेस्कटॉपवरच्या किंवा पेन ड्राइव्हवरच्या फाइलसाठी वरच्या कोपऱ्यातलं ऑटोसेव्हचं बटण बंद असतं. म्हणजे वीज गेली तर १० मिनिटांपर्यंतचं काम जाऊ शकतं. वेगाने टाइप करणाऱ्याच्या दृष्टीने ते पानभर होतं.

ऑटोसेव्हचा उलटा फटकाही आहे. मागच्या महिन्याचं पत्र उघडायचं, तारीख-मजकूर बदलायचा आणि शेवटी 'सेव्ह अॅज' करून नवं नाव द्यायचं, ही आपल्या कचेऱ्यांतली नेहमीची रीत. ऑटोसेव्ह चालू असेल तर पहिला शब्द बदलल्यापासून जुनंच पत्र बदलू लागतं. अशा फाइलची आधी वेगळी प्रत करावी, मगच हात लावावा. चूक झालीच असेल तर 'व्हर्जन हिस्टरी'त जुनं पत्र सापडतं.

ऑनलाइन अर्जांचं तर विचारूच नका. ब्राउझरमध्ये कंट्रोल-एस दाबलं की ते वेबपान संगणकावर उतरवण्याची खिडकी उघडते. अर्जात भरलेला मजकूर त्या संकेतस्थळावर जमा होत नाही. मुदत संपून पान लॉगआउट झालं की सगळं पुन्हा भरा. लांब उत्तरं आधी वर्डमध्ये लिहून मग चिकटवणं हाच खात्रीचा उपाय. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तर याच कळांनी पडदा थिजतो, पुढची अक्षरं दिसत नाहीत आणि नवखा माणूस संगणक बंद करायला धावतो. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतो.

"सारखं सेव्ह केल्याने डिस्क झिजते" ही भीती एसएसडी आल्यापासून वाढली. एसएसडीला लिहिण्याची मर्यादा असते, हे खरं. पण हिशेब करून पाहू. ५०० जीबीच्या एखाद्या चांगल्या एसएसडीला कंपनी ३०० टेराबाइट लेखनाची हमी देते. आपली फाइल १०० केबीची आणि आपण दिवसाला १,००० वेळा सेव्ह केलं, तर दिवसाचे १०० एमबी झाले. या वेगाने ती मर्यादा गाठायला आठ हजारांहून अधिक वर्षं लागतील. पडद्यामागे डिस्क प्रत्यक्षात दसपट लिहिते असं धरलं तरी आठशे. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी याची चिंता करावी, पत्रं लिहिणाऱ्यांनी नाही.

वारंवार सेव्ह करून फाइल फुगते किंवा बिघडते, ही तक्रार मात्र कोणे एके काळी खरी होती. जुन्या वर्डमध्ये 'फास्ट सेव्ह' नावाची सोय होती. ती पूर्ण फाइल पुन्हा न लिहिता बदल तेवढे शेपटीला जोडायची. फाइल वाढत जायची आणि आपण खोडलेला मजकूर आत तसाच राहायचा. तो दुसऱ्याला वाचताही यायचा. मायक्रोसॉफ्टने पुढे ही सोय काढून टाकली. आजचा वर्ड आधी नवी तात्पुरती फाइल लिहितो आणि मग ती जुन्या फाइलच्या जागी ठेवतो. फाइल बिघडते ती बहुधा सेव्ह चालू असताना पेन ड्राइव्ह उपटल्यामुळे. पडद्यावर सेव्ह झालेलं दिसलं तरी प्रत्यक्ष लेखन काही क्षण मागे असू शकतं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी हा विलंब कमी करण्याची व्यवस्था केली आहे, तरी 'इजेक्ट' करून काढणंच बरं.

आता तो महागात पडणारा समज : "मी सेव्ह केलंय, म्हणजे काम सुरक्षित आहे." कंट्रोल-एस वीज जाण्यापासून आणि प्रोग्राम कोसळण्यापासून वाचवतो. बस, एवढंच. डिस्क मेली, लॅपटॉप चोरीला गेला, रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर हजार वेळा केलेलं सेव्ह शून्य. उलट चुकून अर्धा लेख खोडला आणि सवयीने सेव्ह केलं, तर ती चूकच जपली जाते. तेव्हा लगेच कंट्रोल-झेड दाबावं, फाइल बंद केल्यावर तोही उपाय संपतो.

१९९८ साली पिक्सार या अॅनिमेशन स्टुडिओत 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना कोणीतरी एक चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइली डोळ्यांदेखत नाहीशा होऊ लागल्या. सगळं नीट सेव्ह केलेलं होतं. बॅकअपही होता, पण तो नीट चालत नव्हता आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वाचवलं ते त्याच चमूतल्या गॅलिन सुसमन यांनी. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यांतली एकही धड कामी आली नाही. सुमारे सहा तास आधी योगायोगाने काढून ठेवलेल्या प्रतीवर भागलं.

दोन्हीकडे तंत्रज्ञ अव्वल होते आणि दोन्हीकडे कमी पडली ती बॅकअप उघडून पाहण्याची सवय. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला नियम घरगुती कामालाही पुरतो : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे क्लाउडवरची चालेल. फक्त एकाच लॅपटॉपवरचे दोन फोल्डर म्हणजे दोन साधनं नव्हेत.

तेव्हा कंट्रोल-एस खुशाल दाबा, तीनदा दाबा. वर्डच्या पर्यायांत जाऊन ते १० मिनिटांचं अंतर दोनवर आणा. आणि या रविवारी बॅकअपमधली एखादी जुनी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा. उघडली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.