भाड्याचं पहिलं घर: शहरातला फ्लॅट की गावातली वरची खोली?

नोकरीला चार-पाच वर्षं झाली की आपल्या वयाच्या पोरा-पोरींच्या डोक्यात एक हिशेब सुरू होतो. संभाजीनगरात फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा, भाड्यातून हप्ता फिटेल.

फिटत नाही. फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. समजा फ्लॅट 30 लाखांचा आणि भाडं 7,000. म्हणजे वर्षाचे 84,000. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, रंगकाम आणि एखादा रिकामा महिना मिळून 20,000 गेले, तर उरले 64,000. तीस लाखांवर सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. आता 24 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी धरा. हप्ता येतो जवळपास 20,800. म्हणजे दर महिन्याला 14,000 आपल्याच खिशातून. शिवाय सुरुवातीचे सहा लाख आणि मुद्रांक शुल्क वेगळं. उद्या भाव वाढेल म्हणून घेताय, तर तसं म्हणा, पण ती भाड्याची कमाई नाही.

माझं मत सांगतो. आमच्या खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी घरचं घर असेल, तर सुरुवात वरच्या खोलीपासून करा. समजा संडास-बाथरूमसकट चार लाखांत खोली झाली आणि 3,000 भाडं आलं, तर वर्षाचे 36,000. नऊ टक्के झाले. खर्च आणि रिकामे महिने काढले तरी फ्लॅटच्या पुढेच.

राहणार कोण? इथे बरेच जण चुकीच्या गिऱ्हाइकाकडे बघतात. भद्रा मारुतीला हनुमान जयंतीची आणि श्रावणातल्या शनिवारची गर्दी दिसली की वाटतं, भाविकांसाठी खोल्या काढू. पण ती गर्दी दर्शन घेऊन त्याच दिवशी परत जाते. बाकीच्या महिन्यांचं काय? बदलीवर आलेले शिक्षक, तहसील, पंचायत समिती आणि बँकेतले कर्मचारी, हे खरे भाडेकरू. त्यांना टाइल्सचं कौतुक नसतं. पाणी किती दिवसांनी येतं, जिना वेगळा आहे का, विजेचा सबमीटर आहे का, हे विचारतात.

बांधायच्या आधी मात्र दोन गोष्टी बघाच. एक, पुरातत्त्व. औरंगजेबाची कबर केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. घर आपलंच असलं तरी वरचा मजला चढवणं यात येतं. दुसरं, जमिनीचा कागद. दर्गे आणि देवळांच्या आसपास इनाम किंवा वक्फची नोंद निघू शकते. सातबारावर ‘इतर अधिकार’चा रकाना वाचा, ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसलं तर थांबा आणि वकिलाला दाखवा. मोकळा प्लॉट विकत घेणाऱ्यांनी तर हे आधी करावं.

आता करार. ‘11 महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं’ हे सगळीकडे ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेणं मालकाचं काम. नाही केली तर 5,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याहून महागात पडतं ते पुढचं. वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. डिपॉझिट तोंडी ठरलेलं असेल तर बसा मग.

खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. 3,000 भाड्याच्या खोलीला 11 महिन्यांचं शंभर रुपयांच्या आसपास. नोंदणी फी 500 ते 1,000. आधार आणि अंगठा वापरून घरी बसूनही होतं, एजंट त्याचे वेगळे घेतो.

आणि भाडेकरू ओळखीचा असला, मामाच्या शाळेतले सर असले, तरी नोंदणी करा. त्यांना घरभाडे भत्त्यासाठी हा कागद लागू शकतो, त्यामुळे मागायला संकोच नको.