पहिला जाळ

सकाळी ७.३०
सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एका वर्कशॉपचं शटर वर जातं. फिटर आणि त्याच्या हाताखालचा पोरगा शेगडी उचलून टेम्पोत ठेवतात. वजन पस्तीस किलोच्या आसपास. बाहेरून पत्रा, आतून कास्टेबलचं, म्हणजे धग सोसणाऱ्या सिमेंटचं अस्तर, तळाला बिडाची जाळी, बाजूला पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुशाचे तुकडे, टाकायची तिरपी नळी. ब्लोअर वेगळ्या खोक्यात. टेम्पोचं भाडं ३५० रुपये, ते गिऱ्हाइकाकडे. फिटरच्या पिशवीत टेस्टर, पक्कड, ड्रिल, लेव्हल, चिकटपट्टी आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब.

सकाळी ८.३०
पूर्व भागातली अरुंद गल्ली. दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याच्या छपराखाली स्वयंपाक. इथे कडक भाकऱ्या होतात. घरच्या अक्का आणि शेजारच्या दोघी मिळून दिवसाला तीनशेच्या वर थापतात. थापायचे एका भाकरीमागे २ रुपये. कोपऱ्यात मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पोतं. आतापर्यंत भाकरी गॅसवर भाजायची आणि चुलीच्या धगीला कडक करायची. १९ किलोचं सिलिंडर जेमतेम आठवडा पुरतं. बाभळीचं सरपण वेगळं. भिंत माळ्यापर्यंत काळी आहे.

“आज भाकरी बंद ठेवली बघा,” अक्का म्हणतात. “उद्या ठेवता यायची नाही. दुकानदार थांबत नाही.”

“संध्याकाळी पहिली भाकरी टाकता अक्का तुम्ही,” फिटर म्हणतो आणि चपला काढतो.

सकाळी ९.००
जागा ठरवायची. अक्कांना शेगडी खिडकीखाली हवी. फिटर हाताने माप घेतो. तिथून स्विचबोर्ड दोन फुटांवर येतो, धुराड्याचा पाइप वायरीला घासून जाईल. तो शेगडी समोरच्या भिंतीकडे सरकवतो. तिथे वर झरोका आहे, धुराडं सरळ बाहेर काढता येईल. अक्का पाट टाकून बसून बघतात. परात डाव्या हाताला, तवा समोर, पिठाचा डबा मागे. हात पोचतोय. जागा पक्की.

सकाळी ९.३०
वायरिंगच्या आधी तपासणी. फिटर तो साधा बल्ब काढतो. एक वायर सॉकेटच्या फेजला, दुसरी न्यूट्रलला. बल्ब लागतो. मग न्यूट्रलची वायर काढून वरच्या जाड भोकात, अर्थिंगला. बल्ब ढिम्म. परत करून बघतो. नाहीच.

बोर्ड उघडतो. लाल वायर आहे, काळी आहे. हिरवी नाहीच. तीन पिनांचं सॉकेट बसवलंय, तिसऱ्या पिनेला आत काहीच जोडलेलं नाही. मिक्सर, पंखा, सगळं इतकी वर्षं याच सॉकेटवर चाललं.

“चाललंय की आतापर्यंत,” अक्का म्हणतात.

“चाललं. पण ब्लोअरची बॉडी लोखंडाची. तो शेगडीला बोल्टने आवळायचा. तुमचा हात सारखा ओला. आत एखादी वायर उघडी पडली तर करंट शेगडीत, शेगडीतून तुमच्या हातात.”

मीटरपाशी जाऊन तो तिथली अर्थिंग तपासतो. बल्ब लख्ख लागतो. म्हणजे अर्थिंग घरापर्यंत आलेली आहे, स्वयंपाकापर्यंत कुणी ओढली नाही. पोरगा कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरवी वायर आणि केसिंग पट्टी आणायला पळतो.

सकाळी १०.१५
मेन स्विच बंद. घरातला पंखा थांबतो, पत्र्याखाली लगेच घाम फुटतो. बारा मीटर वायर मीटरपासून दाराच्या वरून, माळ्याच्या कडेने मागपर्यंत न्यायची. भिंत जुन्या विटांची, बॅटरीवरचं ड्रिल लावलं की भुगा गळतो, रावळप्लग धरत नाही. पोरगा काडीपेटीतल्या काड्या भोकात ठोकतो, मग स्क्रू घट्ट बसतो. फिटर वायरीचं टोक सोलतो तेव्हा तांब्याची एक तारही तुटू देत नाही. सगळे धागे पिळून, दुमडून मग टर्मिनलमध्ये घालतो. स्क्रू आवळला की वायर ओढून बघतो. प्रत्येक वेळी.

दुपारी १२.००
मेन चालू. बल्ब परत फेज आणि अर्थिंगमध्ये. या वेळी लागतो. फिटर अक्कांना हाक मारून दाखवतो. गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलीॲम्पियरचा ब्रेकरही मेनला बसवा, असं तो सांगतो. अक्का किंमत विचारतात आणि पुढच्या महिन्यावर टाकतात.

दुपारी १२.३०
धुराडं. चार इंची पाइप, एक बाक, वर पावसाची टोपी. झरोक्यातून बाहेर काढून छपराच्या वर दोन फूट न्यायचं, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा आत येतो. पत्रा तापलाय. पोरगा पोतं टाकून त्यावर गुडघे टेकतो. त्याचा रोज ४५० रुपये.

दुपारी १.४५
जेवण. अक्का कालच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि दही पुढे ठेवतात. जेवताना फिटर पेलेटच्या गोणीत हात घालतो. एक पेलेट बोटात धरून मोडतो. कट असा आवाज येतो. ओला असता तर भुगा झाला असता. शेंगाची टरफलं, सोयाबीनचं भूस आणि लाकडाचा भुसा दाबून केलेले हे पेलेट. किलोला १४ रुपये. “गोणी जमिनीवर ठेवायची नाही. खाली फळी. पावसाळ्यात वरून प्लॅस्टिक. एकदा दमट झाले की नुसता धूर.”

दुपारी २.३०
शेगडीवर लेव्हल ठेवून पायाखाली पत्र्याचे तुकडे सारतात. ब्लोअर बोल्टने आवळला. रेग्युलेटर अक्का बसतात त्याच्या उजवीकडे, हात लांब केला की पोचेल असा. पंखा रिकामा चालवून फिटर शेगडीच्या तोंडावर तळहात फिरवतो. वारा दोन ठिकाणांहून येतो. जाळीखालून येणारा पेलेट पेटवतो. वरच्या भोकांतून येणारा पेलेटमधून निघालेला धूर जाळतो. वरची दोन भोकं रंगाने बुजलीत. तो खिळ्याने मोकळी करतो.

दुपारी ३.००
पहिला जाळ. दार, खिडकी उघडी. जाळीवर दोन मुठी पेलेट, वर तुराट्यांचे तुकडे, त्यात कापराच्या वड्या. पंखा बंद. अक्का हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि काडी ओढतात. तुराट्या पेटल्यावर फिटर पंखा सगळ्यात कमीवर घेतो.

आता घाई चालत नाही. कास्टेबलच्या अस्तरात पाणी असतं. एकदम जाळ दिला तर त्याची वाफ होऊन अस्तर तडकतं. म्हणून पहिला तासभर मूठ-मूठ पेलेट. बाहेरचा रंग तापून उग्र वास सुटतो. सांध्यांतून पाण्याचे थेंब येतात, पत्र्यावर चरचरतात आणि सुकतात. शेजारच्या दोघी पदर नाकाला लावून उभ्या. अक्कांची नजर फिटरकडे. “हा वास आजच्यापुरता,” तो म्हणतो.

दुपारी ४.१५
थेंब थांबले. पंखा अर्ध्यावर. लाल, धुरकट जाळ आखूड होतो, स्वच्छ होतो. पोरगा बाहेर जाऊन धुराडं बघतो आणि ओरडतो, “धूर दिसत नाही!”

न दिसणाऱ्या धुराबद्दल फिटर मग सावकाश सांगतो. कोळशाच्या धगीतून विषारी वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. दारं लावून शेगडी कधी पेटवायची नाही, थंडीतही नाही. मग तो मुद्दाम पंखा बंद करतो. लगेच धूर शेगडीच्या तोंडातून बाहेर येतो. “लाइट गेली की असं होणार. पेलेट टाकायचे थांबवा, मागची झडप पूर्ण उघडा.” अक्का स्वतः झडप उघडतात. धूर धुराड्याकडे वळतो.

संध्याकाळी ५.००
बिडाचा तवा चढतो. अक्का पाण्याचा हबका मारतात, थेंब उडून जातात. पहिली भाकरी मधोमध करपते, कडेला कच्ची. त्या बोलत नाहीत. रेग्युलेटर मागे घेतात, थोडं थांबतात, दुसरी टाकतात. ही फुगते. कडक भाकरीला फुगवून भागत नाही, आतलं पाणी पूर्ण जायला हवं. फिटर नळीतून पेलेट टाकणं थांबवतो, पंखा कमीवर आणतो. उरलेल्या निखाऱ्यावर जाळी ठेवून अक्का भाकरी उलटत राहतात. पंधरा मिनिटांनी मोडून बघतात. कडाडून मोडते.

“जमतंय,” त्या म्हणतात. “पण हात बसायला चार दिवस लागतील.”

संध्याकाळी ६.००
खालचा कप्पा ओढून राख दाखवायची. राखेत काचेसारखे खडे आहेत. हा खंगर. रोज सकाळी शेगडी गार असताना सळईने काढायचा, नाहीतर जाळीची भोकं बुजतात आणि जाळ मरतो. ब्लोअरच्या पात्यांवर पीठ बसतं, ते पंधरा दिवसांनी ब्रशने झाडायचं, प्लग काढून.

मग वहीच्या पानावर हिशोब. शेगडीचे पैसे वर्कशॉपला आधीच पोचलेत. बसवण्याचे ९००. धुराड्याचं सामान वेगळं. हिरवी वायर, पट्टी, स्क्रू. खाली शेवटची ओळ, अर्थिंगची मजुरी २५०. शेजारची बाई त्या ओळीवर बोट ठेवते, “हे कशाचे ओ?”

फिटर काही बोलायच्या आत अक्का उत्तर देतात, “तो बल्ब आधी लागत नव्हता, मग लागला. त्याचे.” आणि पैसे मोजून देतात.

बसवण्याच्या पैशातून पोराचा रोज आणि पेट्रोल वजा जातं. फिटर पिशवी भरतो. अक्कांनी उद्याचं पीठ चाळायला घेतलंय. तो दारातून सांगतो, “खंगर विसरू नका. शनिवारी येऊन पंखा बघून जातो.”