चलन बाजाराचे चार्ट आणि बघणाऱ्याची पंधरा वर्षं

(तिरोडा इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय रुपया-डॉलरचा आहे, पण सुरुवात धानापासून करू या. ओढूनताणून जोडलेलं नाही हे. मोबाईलवर जे लाल-हिरवे चार्ट दिसतात, ज्यांना कॅण्डलस्टिक म्हणतात, त्यांचं मूळ जपानच्या तांदळाच्या बाजारात सांगतात. ओसाकातल्या दोजिमा इथं तांदळाचे वायद्याचे सौदे चालायचे, आणि १७३० साली तिथल्या राजवटीनं त्या बाजाराला रीतसर मान्यता दिली. साकाता बंदरातले तांदळाचे व्यापारी होम्मा मुनेहिसा यांना या पद्धतीचं श्रेय परंपरेनं दिलं जातं. आजच्या रूपातले चार्ट बहुधा त्यांच्या नंतरचे असावेत. आपल्यापर्यंत ते अमेरिकेमार्गे आले, स्टीव्ह निसन यांच्या १९९१ च्या पुस्तकानंतर.

आता एक कॅण्डल कशी वाचायची? समजा बाजार समितीत सकाळी धानाचा भाव क्विंटलला २२०० नं उघडला. दिवसात २३५० पर्यंत चढला, मध्ये २१५० पर्यंत उतरला आणि संध्याकाळी २३०० वर बंद झाला. उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा २२०० ते २३०० हा जाड भाग. वर २३५० पर्यंत आणि खाली २१५० पर्यंत ज्या बारीक रेघा निघतात, त्या वाती. बंद भाव वर असला तर हिरवी, खाली असला तर लाल. बस. चार आकडे. ते चार आकडे डोळ्याला एका झटक्यात कळावेत म्हणून ही मेणबत्ती. त्यात भविष्य लिहिलेलं नसतं.

दुसरी पद्धत मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे सरकती सरासरी. शेवटच्या वीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची. उद्या नवा दिवस आत, सर्वात जुना बाहेर. रोजची थरथर पुसली जाते आणि कल दिसतो. पण ती मागून चालते, हे तिच्या घडणीतच आहे. तिसरी आरएसआय. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरनं १९७८ मध्ये ती मांडली. गेल्या चौदा दिवसांत चढ किती आणि उतार किती, याचं माप ० ते १०० मध्ये. ७० च्या वर गेलं की 'फार चढलं', ३० च्या खाली गेलं की 'फार उतरलं', असं म्हणायची रीत आहे.

हे सगळं शिकायला महिना पुरतो. खरंच पुरतो. म्हणून कुणी 'चार्टचं गुपित' विकायला आलं की मला गंमत वाटते.

आता या पद्धती रुपयावर लावून बघा. २०२२ च्या जानेवारीत डॉलर ७४-७५ रुपयांच्या आसपास होता. ऑक्टोबरात ८३ च्या वर गेला. त्या वर्षी सरासरीच्या रेषेवर भाव गेला की डॉलर घ्या, एवढा साधा नियमही चालला असता. २०२३ मध्ये तोच नियम घ्या. डॉलर वर्षभर साधारण ८१ ते ८३ च्या पट्ट्यात फिरत राहिला. भाव रेषेच्या वर जातो, तुम्ही घेता. खाली येतो, तुम्ही विकता. दर वेळी थोडं थोडं जातं. नियम तोच, रुपया तोच. मग बदललं काय? अमेरिकेतले व्याजदर आणि तेलाचे भाव यांचा जोर २०२२ मध्ये एकाच दिशेला होता. आणि भाव फार हलू लागला की रिझर्व्ह बँक डॉलर विकते किंवा घेते. त्यामुळं रुपयाच्या चार्टवर नुसती गर्दीची मनःस्थिती नसते, मुंबईतल्या एका संस्थेचा हातही असतो. सोन्याचा किंवा एखाद्या शेअरचा चार्ट वाचणाऱ्यानं इथं येताना एवढं ध्यानात ठेवावं.

पंधरा वर्षांत माझ्या स्क्रीनवरच्या रेषा सातावरून दोनवर आल्या. पण तो बदल वरवरचा. खरा बदल वहीत आहे. पूर्वी मी वहीत भाव लिहायचो. आता सौदा का केला, किती गेलं तर बाहेर पडायचं, आणि त्या दिवशी झोप झाली होती का, हे लिहितो. हसू नका, झोपेचा रकाना फार बोलका असतो.

एकच पद्धत दोन माणसांच्या हातात वेगळी का वागते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. शिकागोचे रिचर्ड डेनिस आणि त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांच्यात वाद झाला, की सौदे करणं शिकवता येतं का. डेनिस म्हणाले येतं. १९८३ च्या शेवटी त्यांनी जाहिरात देऊन नवखी माणसं निवडली आणि दोन आठवडे शिकवलं. या मंडळींना 'टर्टल' म्हणतात. नियम अगदी साधा: भाव गेल्या वीस दिवसांच्या वर गेला की घ्या, खाली गेला की विका, आणि एका सौद्यात धोका ठरवून घ्या. चलनांचे वायदेही त्यात होते. काहींनी भरपूर कमावलं, काहींना जमलं नाही. नियम सगळ्यांना तेच दिले होते. पाच-सहा वेळा नुकसान झाल्यावर सातवा सौदा नियमानं घ्यायचा, हे ज्याला झेपलं तो टिकला.

सलग नुकसान हा काही अपवाद नसतो, बरं का. नाणं शंभर वेळा उडवलं, तर कधीतरी सलग पाच वेळा छापा पडण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे. निम्मे सौदे जिंकणाऱ्यालाही सलग पाच हरायची तयारी हवीच. आता सलग दहा धरा. दर सौद्याला शिल्लक रकमेच्या २ टक्के लावले, तर लाखातले साधारण ८१,७०० उरतात. १० टक्के लावले, तर ३४,९००, म्हणजे मूळ लाखावर परत यायला उरलेली रक्कम जवळजवळ तिप्पट करावी लागते. चार्ट दोघांसमोर एकच होता.

आणि इथं मी आवाज थोडा चढवणार आहे. गावागावांत पोरं मोबाईलवर परदेशी 'फॉरेक्स' ॲप चालवताहेत. पाचशे पट उधारी देतो म्हणतात. पाचशे पट म्हणजे काय? भाव ०.२ टक्के उलटा गेला की सगळं साफ. रुपया-डॉलर ८३ वर असेल तर १६-१७ पैसे. तेवढं तर रोज हलतं! शिवाय हे कायद्यातही बसत नाही. फेमा कायद्याखाली आपल्याला चलनाचे सौदे अधिकृत संस्थांकडं किंवा मान्यताप्राप्त बाजारांतच करता येतात. परदेशी ॲपवर मार्जिन म्हणून पैसे पाठवायला परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ३४ नावांची सावधगिरीची यादी काढली, पुढं ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणून ॲप अधिकृत ठरत नाही, हेही बँकेनंच सांगितलंय.

मग कायदेशीर जागा कोणती? राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, २९ ऑगस्ट २००८ पासून रुपया-डॉलरचे वायदे होतात. लॉट एक हजार डॉलरचा; भाव २५ पैसे हलला की एका लॉटवर २५० रुपये. पण जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलं की रुपयाशी जोडलेल्या या सौद्यांमागं चलनाची खरी जोखीम हवी. ठरावीक मर्यादेपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण जोखीम असलीच पाहिजे. मे २०२४ पासून ते लागू झालं आणि या बाजारातली उलाढाल झपाट्यानं घसरली.

माझंही काम तिथून पालटलं. आता मी भाव ओळखायला चार्ट बघत नाही. समजा एखाद्या गिरणीवाल्यानं तांदूळ बाहेर पाठवला, दोन महिन्यांनी पन्नास हजार डॉलर येणार. डॉलर एक रुपयानं उतरला तर त्याचे पन्नास हजार रुपये गेले, आणि तांदळातला नफा कधी कधी तेवढाच असतो. तो आज पन्नास लॉट विकून भाव बांधून ठेवू शकतो. डॉलर चढला तर वरचा फायदा सुटतो, पण गिरणी चालू राहते. सगळे बांधायचे की निम्मे, एवढं ठरवायला मी चार्ट उघडतो. या कामात थरार नाही. आता तो लागतही नाही मला.

प्रश्न (श्रोत्यांमधून): सर, माझ्या भावाचे पैसे एका ॲपमध्ये अडकलेत. काढायच्या आधी वीस टक्के टॅक्स भरा म्हणतात. भरायचा का?

नाही. एक रुपयाही भरू नका. आपला आयकर असा ॲपवाल्याच्या खात्यात भरायचा नसतो; पैसे सोडवायला आणखी पैसे मागणं ही या लोकांची ठरलेली चाल आहे. ज्या खात्यांत पैसे पाठवले त्यांचे नंबर, यूपीआयचे व्यवहार, चॅटचे फोटो आधी जपून ठेवा. ॲप काढून टाकू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, आणि आपल्या बँकेला आजच लेखी कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवण्याची संधी जास्त. भाऊ इथं आला आहे का? मग कार्यक्रम संपल्यावर थांबा दोघंही, आपण इथूनच फोन लावू.