साधने उदंड, सूची कोठे?

आठवीच्या वर्गात उद्या धाराविद्युत शिकवायची आहे आणि शाळेच्या कपाटात चालू स्थितीतील विद्युतघट एकच आहे, अशा शिक्षकाला आज महाजालावर चित्रफितींची वाण नाही. वाण आहे ती वेळेची. शेकडो चित्रफितींतून आपल्या पाठ्यक्रमाला जुळणारी, मराठीतील आणि शास्त्रीय चूक नसलेली एक निवडण्यात त्याची सारी संध्याकाळ खर्ची पडते. आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या तालुक्यातील दुसरा शिक्षक हीच शोधाशोध नव्याने करीत असतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत, एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही अशी ही वस्तू आहे. तेव्हा ती विनामूल्य असावी, हे ओघानेच आले. परंतु येथेच आपली फसगत होते. वाटपाला खर्च नसला तरी निवडणे, पारखणे, इयत्ता व प्रकरणानुसार लावणे आणि वेळोवेळी तपासणे याला माणूस लागतो. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम. ग्रंथपालास आपण वेतन देतो. या नव्या भांडाराचा ग्रंथपाल मात्र सेवाभावावर सोडून दिला आहे.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार २०१३ साली उघडले, २०१७ साली ‘दीक्षा’ आली आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. ही शेवटची कल्पना खरोखर चांगली, कारण वर्गीकरणाचे काम पुस्तकाचे पानच करते. मात्र अभ्यासक्रम बदलला की पान बदलते, आणि जुन्या पानाशी बांधलेले साधन निराधार होते.

साधनेही मरतात, याचा मोठा दाखला ३१ डिसेंबर २०२० रोजी मिळाला. त्या दिवशी अ‍ॅडोबी कंपनीने ‘फ्लॅश’चा आधार काढून घेतला आणि त्यावर बेतलेली जगभरची विज्ञान-प्रात्यक्षिके निकामी झाली. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाने आपली बरीचशी प्रात्यक्षिके नव्या तंत्रात पुन्हा बांधली. तार, दिवा, घट पडद्यावर जोडून पाहण्याचा त्यांचा संच आजही चालतो. तेथे पगारी माणसे होती. हौशी शिक्षकांनी रात्री जागून केलेल्या कित्येक प्रात्यक्षिकांमागे कोणीच नव्हते, ती गेली.

परवानगीचा प्रश्न याहून अवघड. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून घडविलेली खेळणी अनेक भाषांत पोहोचली, कारण त्यांनी ती मोकळेपणाने सर्वांच्या हाती दिली. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या टिपणांवर मात्र ना कर्त्याचे नाव असते, ना ती सुधारून घेण्याची मुभा. (नाव पुसून पुढे पाठविण्यात आपल्यापैकी अनेकांना काहीच वावगे वाटत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.)

यासाठी नवे मंडळ नको. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रे आहेत, केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात. प्रत्येक केंद्रातील एका विज्ञानशिक्षकाच्या आठवड्यातील चार तासिका कमी करून सूचीचे काम त्याच्याकडे सोपवावे. निवडणूक आणि जनगणना यांसाठी शिक्षकाला वर्गाबाहेर काढताना ज्यांना अडचण वाटत नाही, त्यांना या चार तासिका जड वाटू नयेत. सूचीत साधनापुढे प्रकरण, भाषा, ते महाजालाविना चालते की नाही आणि वापरण्याची परवानगी, एवढे असले तरी पुष्कळ झाले. वर्गात वापरून पाहिलेल्या शिक्षकाचा दोन ओळींचा अभिप्राय त्याखाली यावा. तारे देऊन कळते ते केवळ आवडले की नाही एवढेच, मुलांचा कोणता गैरसमज दूर झाला ते कळत नाही. आणि दर जूनमध्ये, शाळा उघडताना, बंद पडलेले दुवे त्यातून काढून टाकावेत.